चौथा मुद्दा

जबलपूर,
मंगळवार, १४ मे २०२४

चि. यशोधन,

आशीर्वाद. आठ वर्षांत एक ओळ लिहिली नाही, पण आशीर्वाद द्यायचा हक्क थोरल्याकडेच राहतो असं धरून चालतो. सौ. क्षमा बरी असेल. आर्या आता कॉलेजात गेली असेल. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती कानामागे पेन्सिल खोचून सुतारासारखी घरभर हिंडायची.

आम्ही ठीक. कुमुदचा डावा गुडघा पूर्वी पावसाळ्यात दुखायचा, आता बारमाही झाला. उन्हाळा म्हणशील तर काल दुपारी अंगणात, सावलीत, ४१.५. हा माझ्या थर्मामीटरचा आकडा आहे, पेपरातला नाही.

ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं काम चालूच आहे, पण गेल्या पाच-सहा वर्षांत नाव झालं ते लोडांमुळे. सावरीचा कापूस, इथले लोक सेमल म्हणतात, लांब खोळीत भरायचा, दोन्ही तोंडं शिवायची आणि तेलाचा तवंग आलेल्या पाण्यावर सोडून द्यायचं. पाणी बाहेर राहतं, तेल तेवढं आत जातं. एक किलो सावर पस्तीस किलो तेल धरते. मी तोललं आहे, एकदा नाही, एकतीस वेळा. भरलेला लोड उसाच्या रसाच्या चरकातून काढायचा. जुना चरक एका रसवंतीवाल्याकडून आणला आणि त्याचे रूळ दीड मिलिमीटरने जवळ घेतले. तेल खाली बादलीत, लोड परत पाण्यावर. हे मला कुणी शिकवलं नाही. एप्रिलात सावरीची बोंडं फुटून कापूस उडत होता आणि शेडमागच्या नाल्यावर काळं तेल तरंगत होतं. कापसाचा पुंजका पडला की काळा व्हायचा आणि त्याच्याखालचं पाणी उघडं पडायचं. त्या नाल्यावरच्या पुलावरून रोज शंभर माणसं जात असतील. बघितलं मी.

नागपूरचं काढणार नव्हतो, पण काढतो. तुझ्या कॉलेजात, तुझ्याच विभागात, दाखवायला आणलेला माझा लोड टबातल्या पाण्यात बुडाला. कुणी विद्यार्थ्याने आदल्या दिवशी कापूस मळका दिसतो म्हणून साबणाच्या पाण्यातून काढला होता. सावरीच्या तंतूवर मेण असतं, तेच पाण्याला लांब ठेवतं. धुतलं की संपलं. हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं आणि मला बोलू देईपर्यंत सगळे हसून मोकळे झाले होते. तू हसला नाहीस. चष्मा पुसत राहिलास. महिन्याभराने तुझं जाड पाकीट आलं, ते मी उघडलं नाही, हे मामींकडून तुला कळलंच असेल. तसंच ट्रंकेत आहे.

चलो. जुनं झालं.

बातमी द्यायची ती अशी की परवा रविवारी दुपारी सव्वातीनला आपल्या गोदामाला आग लागली. अकरा पोती लोड जळाले, छप्पर गेलं. शेजारच्या खोलीत राधाबाई राहतात. तुला आठवत असतील, आपण लहान असताना आपल्याला चिंचेसाठी रागावायच्या त्याच. त्यांच्या छातीत धूर गेला, त्या मेडिकलला ऑक्सिजनवर आहेत. माझ्याकडचा कारागीर गौतम, कापूस पिंजून लोड भरतो तो, त्याचे दोन्ही हात भाजले. तो बीडी ओढतो. माझा त्याला नियम होता की बीडी नळाजवळ, गोदामापासून बावीस फुटांवर. पण माणूस आहे. शनिवारी अकरा वाजता ओमती ठाण्यात माझा जबाब आहे. गौतमच्या हातांना पट्ट्या असल्याने त्याला सही करता येत नाही, अंगठाही लावता येत नाही, म्हणून माझा आधी.

एक विचारायचं होतं, सहज. जवसाच्या तेलाबद्दल तुमच्या पुस्तकांत काही वेगळं दिलेलं असतं का? घाई नाही.

कळावे.
विष्णू

⁂

जबलपूर,
शुक्रवार, १७ मे २०२४. सकाळी १०.१०

चि. यशोधन,

मंगळवारचं पत्र पोचलं असेल किंवा वाटेत असेल. त्यातलं सगळं खरं नाही. कुठलं नाही ते या पत्रात येईल. मला सरळ लिहिता येत नाही, आकड्यांवरून यावं लागतं.

माझ्यासमोर अंगणात दोन अर्धी कापलेली पिंपं आहेत, दोन्ही जांभळीच्या सावलीत, मधे सहा फूट. दोन्हीत सात-सात लोड दाबून भरलेत आणि वर दुहेरी रजई बांधली आहे. दोन्हीच्या पोटात लांब दांडीचा थर्मामीटर आहे, आपण ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला लावतो तो. पहिल्यातले लोड ट्रान्सफॉर्मरच्या तेलात भिजवून पिळलेले. दुसऱ्यातले जवसाच्या. बाकी काही फरक नाही. काल संध्याकाळी सहाला भरले. बाजूला वाळूच्या चार बादल्या आणि नळाला जोडलेली नळी.

सावली ३७. पहिलं पिंप ३५. दुसरं ३९.

काहून करून राहिलो हे, ते सांगतो.

सिहोऱ्याला एक तेलाची घाणी आहे, नाव लिहीत नाही. त्यांची जवसाच्या तेलाची टाकी फुटून मागच्या तळ्यात तेल गेलं. गावची जनावरं तिथे पाणी पितात. त्यांनी मला बोलावलं. मी आणि गौतम चार दिवस तिथे होतो. तळ्याचं पाणी चौथ्या दिवशी असं झालं की घाणीच्या मालकाने ओंजळ भरून तोंडावर मारली. तो दिवस मी विसरणार नाही, म्हणजे विसरणार नव्हतो. शनिवारी पिळलेले लोड अकरा पोत्यांत भरून टेम्पोने इथे आणले. धुऊन परत वापरायचे नसतात, पण अजून चार-पाच वेळा पिळून चालतात. असे ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे लोड माझ्या गोदामात अकरा महिने पडून असायचे. तेल म्हणजे तेल, असं माझं मत होतं.

मी पोती कशी रचतो ते तुला माहीत आहे. आईच्या फडताळात तुझे कपडे मी लावायचो तशी. विटांसारखी, सांधा सांध्यावर न येऊ देता, बोटभर फट न ठेवता. राधाबाई कुरकुरल्या. "विष्णू, तुझ्या कापसाला रंगाच्या डब्यासारखा वास येऊन राहिला रे." म्हणून मी खिडकीही लावून घेतली आणि पोत्यांवर ताडपत्री ओढली.

११.२५. पहिलं ३६. दुसरं ४४.

कुमुद आत्ताच विचारून गेली. मी आकडा सांगितला, ती पदराने दुसऱ्या पिंपाच्या कडेवरची धूळ पुसून गेली. तिला मी थर्मामीटरच्या वाचनांच्या वेगळ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं आहे. ती म्हणाली, "सही करीन. पण ज्या गोष्टीची करायला पाहिजे तिची वेगळी करीन." कळेल पुढे.

गौतमला भेटायला मी सोमवारी गेलो होतो, मंगळवारी गेलो होतो. त्याचे हात कोपरापर्यंत बांधलेले, एकेक उशीएवढा. एकसष्ट वर्षांचा माणूस. त्याची बायको इंदिरा त्याला चमच्याने दलिया भरवत होती आणि तो मान वळवून मला म्हणत होता, "भैया, बुझा दी थी. नल के पास बुझाई थी, पानी डाल के." मग म्हणाला, "पर क्या पता. हाथ की आदत है, ध्यान नहीं रहता. हो सकता है मुझसे ही हुआ हो." आणि रडायला लागला. डोळे पुसायला हात नव्हते. इंदिराने पुसले. "आपका सब जला दिया हमने," तो म्हणाला.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अच्छा, अभी आराम कर. देखेंगे."

देखेंगे. माझ्या तोंडून हाच शब्द निघाला.

यशोधन, आग लागल्यावर राधाबाईंना बाहेर काढलं ते याच माणसाने. त्यांच्या दाराची लोखंडी कडी तापून लाल व्हायला आली होती, ती त्याने दोन्ही हातांनी धरून खेचली. हात भाजले ते असे. मंगळवारच्या पत्रात मी नुसतं "हात भाजले" लिहिलं. इंदिरा बाहेर जिन्यापाशी मला म्हणाली, "भैया, ठाण्यातले साहेब आले होते. म्हणाले, कबूल करून टाका, बुढापे में कोर्ट-कचहरी काहून करता. आणि ती आजी गेली तर मग मोठं प्रकरण होईल म्हणे." इंदिरा इथल्याच मराठी घरातली आहे, माझ्याशी मराठीत बोलते, रडू आलं की हिंदीत जाते. पुढचं ती हिंदीत बोलली. "आप बड़े हैं, आप जो लिखेंगे वही चलेगा."

उद्या मी जे लिहीन ते चालेल. भीती मला याचीच वाटते आहे.

१२.४०. सावली ४०. पहिलं ३८. दुसरं ५३.

दुसऱ्याचा आकडा सावलीच्या फार पुढे गेला. उन्हाने कुठलीही गोष्ट सावलीपेक्षा तेरा अंशांनी तापत नाही, सावलीत ठेवून. मी उठून दोन्ही थर्मामीटर अदलाबदल करून पाहिले. थर्मामीटर बरोबर आहेत.

लाज वाटते, पण तुला सांगतो. आकडा चढला तेव्हा क्षणभर बरं वाटलं. म्हणजे माझी मांडणी बरोबर आली म्हणून. पण काल संध्याकाळपासून मी देवाजवळ एकच मागून राहिलो होतो की दुसरं पिंप थंड राहू दे. थंड राहिलं तर बीडीच. उद्या मी ठाण्यात जाऊन खरं तेच सांगितलं असं होईल आणि शांत झोपेन. हे लोड मिळवायला मी बुधवारी मुद्दाम बसने सिहोऱ्याला गेलो. तळ्याच्या काठी दोरीवर सात लोड वाळत राहिले होते, तेवढेच वाचले. मोकळ्या हवेत टांगलेले, थंडगार. माझ्याकडे पिळून, नीट रचून, झाकून ठेवलेले जळले, आणि तिथे कुणी लक्ष न देता टांगून ठेवलेले जसेच्या तसे. परतीच्या बसमध्ये मांडीवर पोतं घेऊन बसलो होतो आणि दर दहा मिनिटांनी पोत्यावर तळहात ठेवत होतो. शेजारच्या माणसाने विचारलं, भैया, कोंबडी आहे का आत?

सोमवारपासून हे असंच आहे. मी सगळ्यावर हात ठेवतो. पलंगाच्या गादीवर, कुमुदच्या धुण्याच्या गाठोड्यावर, गव्हाच्या कोठीवर. आपली आईची जुनी उशी सावरीची आहे, ती मी माळ्यावरून काढून अंगणात आणून ठेवली. उशीला काय होणार आहे, तिला तेल लागलेलं नाही, हे मला कळतं. तरी आणली. जेवायला बसलो की भात वाफाळलेला दिसतो आणि घास वर जात नाही. कुमुद आता गार करून वाढते, विचारत नाही.

१.३०. पहिलं ३८. दुसरं ६६. वास यायला लागला आहे. रंगाच्या डब्यासारखाच.

आता पाकिटाचं.

मी ते उघडलं नव्हतं ही गोष्ट मी आठ वर्षं सांगत आलो. मामींना, इथल्या महाराष्ट्र समाजात, गौतमलासुद्धा. एवढ्या वेळा सांगितली की कधी कधी मलाच खरी वाटायची. सोमवारी संध्याकाळी मी कुमुदला म्हणालो, त्या पाकिटात यशोधनने काय लिहिलं होतं कोण जाणे, बघायला पाहिजे. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही ते वाचलं होतं. अंगणात, खुर्ची जांभळीखाली ओढून, चष्मा लावून. दोनदा वाचलं. मग परत चिकटवलं, भाताच्या खळीनं. भात मीच दिला होता."

आठ वर्षं तिने हे तोंडातून काढलं नव्हतं.

हो, वाचलं होतं. दोन पानं, पाच मुद्दे. पहिल्यात तू माफी मागितली होतीस, मुलांनी कापूस धुतला त्याबद्दल, आणि तू गप्प राहिलास त्याबद्दल. ते वाचून माझे डोळे भरले होते, हेही लिहून टाकतो. तिथेच थांबलो असतो तर मी दुसऱ्याच दिवशी नागपूरची गाडी पकडली असती. पण पुढे तू शिकवायला लागलास. खोळीचं कापड कसं हवं, शिवण कशी हवी. आणि चौथा मुद्दा. पाठ आहे मला. "दादा, डिझेल किंवा ट्रान्सफॉर्मरचं तेल असेल तर काळजी नाही. पण जवसाच्या तेलात भिजलेला कापूस कधीही ढीग करून ठेवू नकोस, विशेषतः पिळलेला. तो हवेने आतून तापतो आणि ठिणगीशिवाय पेटतो. पसरून ठेव किंवा पाण्यात बुडवून."

मी हसलो होतो. ठिणगीशिवाय पेटतो म्हणे. आमच्या घरातला प्रोफेसर मला तेल शिकवणार, ज्याने आयुष्यात एक बोट तेलात घातलं नाही. तेव्हा मी जवसाचं काम करतही नव्हतो. पुढे ज्या दिवशी सिहोऱ्याहून बोलावणं आलं, त्या दिवशी मला चौथा मुद्दा आठवला. शब्द न् शब्द आठवला. आणि मी मुद्दाम ढीग केला, असं नाही म्हणणार मी. पण पसरून ठेवले असते तर तुझं ऐकल्यासारखं झालं असतं. आणि पिळताना मी चरकाचे रूळ अजून अर्धा मिलिमीटर जवळ घेतले होते. इतके सुंदर पिळले गेले लोड, थेंब राहिला नाही. प्रत्येक तंतूवर पातळ थर तेवढा राहिला. आता कळतं, हवेला तेवढाच पाहिजे होता.

२.१५. पहिलं ३९. दुसरं ८८.

अक्षर बिघडलं आहे, समजून घे. मी पिंपापासून दहा फुटांवर खुर्ची मागे घेतली. कुमुद दाराच्या उंबऱ्यावर बसली आहे, नळीचं तोंड हातात धरून. आत्ता म्हणाली, "बस झालं की. कळलं ना. टाका वाळू." मी म्हटलं, अजून नाही. तिला वाटतं मी मोजमापाच्या हट्टाने थांबलो आहे. तसं नाही. एक गोष्ट लिहायची राहिली आहे आणि ती लिहिण्याआधी वाळू टाकली तर ती राहूनच जाईल. माझा स्वभाव मला माहीत आहे.

रविवारी सकाळी साडेदहाला मी दाढी करत होतो. राधाबाई भिंतीपलीकडून हाका मारत होत्या, मग काठी टेकत अंगणात आल्या. म्हणाल्या, "विष्णू, मधली भिंत गरम लागून राहिली रे. आत भट्टी लावलीस का?" मी म्हटलं, मे महिना आहे आजी, भिंती गरम व्हायच्याच. त्या म्हणाल्या, "अरे, पण या भिंतीला ऊन कुठे लागतं?"

लागत नाही. त्या भिंतीला दोन्ही बाजूंनी खोल्या आहेत, ऊन कुठूनच येत नाही. ते घर मी मोजलेलं आहे.

मी तोंडाला साबण तसाच ठेवून त्यांच्या खोलीत गेलो. भिंतीवर तळहात ठेवला. कमरेच्या उंचीला, पलीकडे पोत्यांची तिसरी रांग असेल नेमकं तिथे. भिंत गरम होती. चहाचा पेला धरवतो तेवढी. मी हात काढला, जरा वर ठेवला, तिथे थंड. परत खाली ठेवला. गरम. असं मी तीनदा केलं. म्हणजे मला शंका नव्हती.

गोदामाची किल्ली माझ्या कंबरेला होती. दार उघडून ताडपत्री काढून चार पोती अंगणात फेकायची होती, पाच मिनिटांचं काम. पण गौतम अंगणात होता. त्याच्यासमोर मी स्वतः रचलेली पोती काढणार, तो विचारणार, काय झालं भैया, आणि मी काय सांगणार? की माझ्या धाकट्या भावाने आठ वर्षांपूर्वी लिहून कळवलं होतं?

मी राधाबाईंना म्हणालो, "काही नाही आजी, सवय करा." असंच म्हणालो. मग घरी येऊन दाढी पुरी केली. जेवलो. दुपारी तिलवाऱ्याला एका ओळखीच्याकडे मोटर बघायला गेलो. काम काही अडलेलं नव्हतं. घरी बसवत नव्हतं म्हणून गेलो. पुलावर उभा होतो तेव्हा फोन आला.

गौतमची बीडी बाराला झाली होती, नळाजवळ. मी स्वतः बघितली होती. आणि भिंत साडेदहाला गरम होती, दीड तास आधी. हे दोन्ही माहीत असणारा एकटा मीच. राधाबाईंना बोलता येत नाही, त्यांच्या तोंडावर मास्क आहे. काल मी त्यांच्या खाटेपाशी उभा होतो. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, आणि हात हलवला, पंजा असा उभा धरून. नर्सला वाटलं त्या मला जा म्हणून राहिल्या आहेत. त्या भिंत दाखवत होत्या.

२.५०. पहिलं ३९. दुसरं १२७. रजईच्या शिवणीतून पांढरा धूर.

⁂

३.४०

वाळू टाकली, मग पाणी. मधले तीन लोड आतून कोळसा झाले होते, बाहेरून खोळ शाबूत. कुणी काडी लावली नाही, कुणी बीडी ओढली नाही, अंगणात मी आणि कुमुद. पहिलं पिंप ३९ वरच. मी त्यात हात घालून पाहिला. गार होतं.

कुमुदने वाचनांखाली सही केली. नंतर दुसऱ्या कागदावर तिने स्वतःहून लिहिलं की माझ्या नवऱ्याने धाकट्या भावाचं पत्र आठ वर्षांपूर्वी माझ्यादेखत वाचलं होतं, आणि त्याखाली सही केली. तिची वेगळी सही ती ही.

उद्या अकराची वाट बघत नाही. हे पत्र पोस्टात टाकून तसाच ओमतीला जातो, गौतमचं नाव लागायच्या आत माझं लागलेलं बरं. मला भीती वाटते आहे, खोटं कशाला बोलू. राधाबाई राहतील की जातील, त्याची. कोठडीची. गौतमला जेव्हा मी सांगेन की तुझ्या हाताने काही झालं नाही, तेव्हा तो माझ्याकडे कसा बघेल, त्याची सगळ्यात जास्त. आजवर त्याने मला उस्तादापेक्षा कमी कधी मानलेलं नाही.

तुझ्याकडे एक मागणं आहे. साहेब मला म्हणतील, कापूस कहीं अपने आप जलता है? मी पिंपांचं सांगेन, आकडे दाखवीन. ते बघतील की समोर अकरावी नापास माणूस बसला आहे, कारागिराला वाचवायला गोष्ट रचून राहिला आहे. गौतमच्या बाजूने हा कागद टिकणार नाही. म्हणून तू तुझ्या कॉलेजच्या कागदावर, पूर्ण नाव, हुद्दा आणि सहीनिशी लिहून पाठव की असं होतं. चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतंस तेच. जन्मभर मी सांगत आलो की डिग्रीवाचून माझं काही अडलं नाही. आता माझा गुन्हा खरा धरला जावा म्हणून ती लागते आहे, आणि ती तुझ्याकडे आहे.

मला सोडवायला धावत येऊ नकोस. माझ्याबद्दल चांगलं काही लिहू नकोस. कापसाबद्दल लिही.

या आठवड्यात दोनदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. कुमुदकडे फोन राहील. नंबर तोच, मी नागपूरला आलो होतो तेव्हाचा.

क्षमाला आशीर्वाद सांग. आर्याला यातलं सगळं सांगितलंस तरी चालेल.

तुझा दादा,
विष्णू

सोबत: वाचनांच्या कागदाची प्रत. कुमुदने लिहून दिलेल्या कागदाची प्रत. तुझं पत्र, दोन पानं. चौथ्या मुद्द्याखाली पेन्सिलची रेघ आहे, ती माझी. आज ओढलेली नाही.